शिडांवर जाताना प्रोपेलर फिरू द्यायचा का थांबवायचा? गिअर, शाफ्ट आणि प्रोपचं सगळं सविस्तर

इंजिन बंद करून नुसत्या शिडांवर निघालात की प्रोपेलरचं काम उलटं होतं. एरवी तो बोटीला ढकलत असतो, आता बोट त्याला पाण्यातून ओढत नेते आणि समोरून येणारं पाणी त्याला फिरवायला बघतं. गिअर न्यूट्रलला असेल तर तो फिरतो, त्याच्याबरोबर त्याला गिअरबॉक्सशी जोडणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, फिरतो, आणि केबिनच्या फळीखालून घूंऽऽ असा आवाज सुरू होतो. मग प्रश्न येतो की हे असंच चालू द्यायचं का थांबवायचं, आणि थांबवायचं तर गिअर टाकून का ब्रेक लावून. दहा जणांना विचारा, बारा उत्तरं मिळतील, कारण जो तो आपल्या बोटीचं सांगतो आणि तुमच्या बोटीतला प्रोप वेगळा, गिअरबॉक्स वेगळा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. लोक भांडतात स्पीडवरून, पण खिसा कापला जातो गिअरबॉक्सवर. अर्धा नॉट (ताशी अर्धा सागरी मैल) कमी मिळाला तर थोडं उशिरा पोचाल, क्लच गेला तर इंजिन-गिअर बाहेर काढायची वेळ येते. त्यामुळे निर्णयाचा क्रम असा ठेवा: आधी गिअरबॉक्स काय सहन करतो, मग प्रोप कुठल्या जातीचा आहे, आणि स्पीड सगळ्यात शेवटी.

आधी स्वतःच्या बोटीत काय आहे ते ओळखा

प्रोप तीन जातींचे. फिक्स्ड म्हणजे पाती कायम एका जागी, दोन किंवा तीन. फोल्डिंग म्हणजे पाती फुलाच्या कळीसारखी मागे मिटतात. फेदरिंग म्हणजे पाती मिटत नाहीत, स्वतःभोवती वळून पाण्याच्या धारेला कड देतात. बोट पाण्यात असेल आणि माहिती नसेल तर जुन्या मालकाकडचे फोटो बघा नाहीतर मास्क लावून खाली एक नजर टाका, अंदाजावर राहू नका.

गिअरबॉक्सचं बघायला इंजिनच्या मागे जावं लागतं. मेकॅनिकल का हायड्रॉलिक एवढं आधी कळलं पाहिजे. गिअरबॉक्सवर कंपनीची पट्टी असते, तिच्यावरचं मॉडेल लिहून घ्या आणि त्याचं मॅन्युअल मिळवा, पीडीएफ बहुतेक सगळ्यांची मिळते. पट्टी गंजून गेली असेल तर एक सोपी चाचणी आहे. बोट बांधलेली असताना, इंजिन बंद आणि चावी खिशात असताना, लिव्हर फॉरवर्डला टाका आणि शाफ्ट हाताने फिरवून बघा. मेकॅनिकल असेल तर शाफ्ट अडकल्यासारखा घट्ट लागतो, कारण तो थेट इंजिनाला जोडला गेला आणि तुम्ही आता सिलिंडरच्या कॉम्प्रेशनशी झटापट करताय. हायड्रॉलिक असेल तर न्यूट्रलला फिरतो तसाच फिरतो, कारण क्लच दाबायला ऑइलचं प्रेशर लागतं, ते प्रेशर देणारा पंप इंजिनवर चालतो आणि इंजिन तर बंद आहे. म्हणजे हायड्रॉलिक गिअरवाल्यांनी "मी रिव्हर्सला टाकून शाफ्ट लॉक करतो" म्हणणं निरर्थक, तिथं काही लॉक होतच नाही.

सेलड्राइव्ह असेल, म्हणजे इंजिनखालून सरळ पाण्यात उतरणारा लेग (पाय) आणि त्यालाच प्रोप, तर शाफ्ट दिसायचा प्रश्नच नाही, सगळं खाली त्या लेगमधे असतं. पण आत क्लच तोच, त्यामुळे नियमही तेच.

स्पीड किती जातो हे एकदा आकड्यात बघून घ्या

समजा 16 इंची तीन पात्यांचा फिक्स्ड प्रोप आहे आणि तो लॉक केलाय. प्रोपच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ साधारण 0.13 चौरस मीटर येतं, त्यातला निम्मा भाग पात्यांनी भरलाय असं धरा. 5 नॉट म्हणजे सेकंदाला 2.57 मीटर. चपट्या वस्तूच्या ड्रॅगचं (पाण्याच्या अडथळ्याचं) नेहमीचं गणित लावलं तर 260 न्यूटनच्या आसपास उत्तर येतं, म्हणजे सव्वीस-सत्तावीस किलोचं ओझं बोटीला मागे ओढतंय. ड्रॅग स्पीडच्या वर्गात वाढतो, त्यामुळे 6 नॉटला तेच अडतीसच्या आसपास जातं, आणि अडीच नॉटला सहा-सात किलोवर येतं. हे ढोबळ आहे, पात्यांच्या आकारावर बरंच बदलतं, पण अंदाज येतो. आता गंमत अशी की खरं नुकसान जाणवतं ते मंद वाऱ्यात, कारण तेव्हा शिडांची ओढच मुळात कमी असते आणि त्यातले ते सहा-सात किलो मोठे होतात. सपाटून वारा असताना बोट तिच्या हलच्या (पाण्यातल्या सांगाड्याच्या) कमाल स्पीडला पोचलेली असते, तेव्हा प्रोपमुळे फारसा फरक कळत नाही.

फिरू दिला तर ड्रॅग कमी होतो का? हो, फिक्स्ड प्रोपला बहुतेक वेळा होतो. स्कॉटलंडच्या स्ट्रॅथक्लाइड युनिव्हर्सिटीतल्या दोघांनी टाकीत प्रोप ओढून मोजमाप केलं आणि 2008 साली ते छापून आलं, त्यात लॉक केलेला प्रोप मोकळ्या फिरणाऱ्या प्रोपपेक्षा जास्त ओढतो असंच निघालं. याच्या विरुद्ध एक जुना युक्तिवाद कानावर येतो, की हेलिकॉप्टरचं इंजिन बंद पडल्यावर फिरता पंखाच त्याला तोलून धरतो, तसाच फिरणारा प्रोप बोटीला जास्त अडवतो. पण हेलिकॉप्टरच्या पात्यांचा कोन अगदी थोडा ठेवलेला असतो, बोटीच्या प्रोपचा पिच, म्हणजे पात्यांचा तिरकेपणा, त्यामानाने बराच असतो, म्हणून ती तुलना इथं लागू पडत नाही. एक अपवाद मात्र खरा आहे. शाफ्ट नीट मोकळा फिरत नसेल, म्हणजे ग्लँड (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथं पाणी अडवणारं सील) जास्त आवळलेला असेल किंवा बेअरिंग धरत असेल, तर रखडत फिरणाऱ्या प्रोपचा फायदा जवळजवळ सगळा निघून जातो.

गिअरबॉक्स: इथं घाई करू नका

मेकॅनिकल गिअरमधे बऱ्याच ठिकाणी कोन क्लच असतो, शंकूच्या आकाराचे दोन भाग एकमेकांत घट्ट बसून फिरतात. इंजिन चालू असताना त्याच्या जोराने ते आणखी घट्ट बसतात. इंजिन बंद करून गिअर तसाच ठेवलात की जोर येतो उलट्या बाजूने, प्रोपकडून, आणि तोही लाटेलाटेला कमीजास्त होत. शंकू थोडा थोडा घसरतो, पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो, आणि मग पुढे कधीतरी धक्क्याला लागताना रिव्हर्स मारलात तर इंजिन ओरडतं आणि बोट थांबत नाही. म्हणूनच यानमार या इंजिन बनवणाऱ्या कंपनीने आपल्या सर्व्हिस ॲडव्हायजरीत स्पष्ट सांगितलंय की इंजिन बंद करून शिडांवर जाताना गिअर न्यूट्रललाच ठेवायचा, नाहीतर होणारं नुकसान वॉरंटीत बसत नाही. प्रोप थांबवायचाच असेल तर वेगळा शाफ्ट ब्रेक बसवा असा त्याचा अर्थ.

आता हेच झेडएफ-हर्थ या गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीच्या जुन्या एचबीडब्ल्यू मालिकेच्या मॅन्युअलमधे वाचलंत तर चित्र वेगळं. ते म्हणतात न्यूट्रलला प्रोप फिरला तरी गिअरला काही होत नाही, आणि थांबवायचा असेल तर वेगळा ब्रेक नको, बोट ज्या दिशेला चाललीये त्याच्या उलटा गिअर टाका. फक्त चालत्या दिशेचा गिअर कधीच टाकू नका. म्हणजे पुढे जाताय तर रिव्हर्स चालेल, फॉरवर्ड नाही.

दोन कंपन्या, दोन उत्तरं, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर. म्हणून शेजारच्या बोटीवाल्याचं ऐकून लिव्हर हलवू नका. मॅन्युअल मिळालंच नाही तर न्यूट्रल हा मेकॅनिकल गिअरसाठी सगळ्यात कमी धोक्याचा पर्याय आहे असं मी म्हणेन.

फॉरवर्ड का नको याचं आणखी एक कारण आहे. पुढे जाताना पाणी प्रोपला ज्या दिशेने फिरवतं ती दिशा इंजिन फॉरवर्डला फिरवतं तीच असते. जोराच्या वाऱ्यात स्पीड वाढला आणि प्रोपने कॉम्प्रेशनवर मात केली तर बंद इंजिन हळूहळू फिरायला लागतं, त्याबरोबर कूलिंगचा पाण्याचा पंपही फिरतो, आणि ते पाणी एक्झॉस्टमधे साठत जातं कारण बाहेर फेकायला धूर नाही. एक्झॉस्टचा डबा भरून पाणी सिलिंडरपर्यंत गेलं तर पुढचं सांगायला नको. रोज होईल असं नाही, पण फॉरवर्डला सोडून जायचं नाही एवढं त्यावरून पक्कं करा.

हायड्रॉलिकवाल्यांचा प्रश्न वेगळा. त्यांना लॉक होत नाही ही अडचण आहेच, पण मोठी अडचण वंगणाची. पंप बंद म्हणजे आत ऑइल फिरत नाही, आणि शाफ्ट मात्र तासन् तास फिरतोय. काही मॉडेलना हे चालतं, काहींच्या मॅन्युअलमधे ठरावीक वेळाने इंजिन थोडा वेळ चालू करायला सांगितलेलं असतं, काही म्हणतात शाफ्ट बांधाच. लांबच्या पल्ल्यावर असाल तर गिअरबॉक्सच्या बाहेरच्या अंगाला अधूनमधून हात लावून बघत जा. इंजिन बंद असून तो गरम लागला तर आत वंगण पोचत नाहीये, शाफ्ट थांबवायची सोय करा.

फिक्स्ड प्रोपसाठी काय करायचं

तीन पात्यांचा असेल आणि गिअरला चालत असेल तर न्यूट्रल, बस. आवाज येतो, रात्री झोपणाऱ्याला त्रास होतो, बेअरिंग थोडं जास्त झिजतं, पण स्पीड मिळतो.

दोन पात्यांचा असेल आणि बोट जुन्या पद्धतीची लांब कीलवाली (तळाशी पुढून मागपर्यंत लांब कणा असलेली) असेल, म्हणजे प्रोप कील आणि सुकाणूच्या मधल्या खाचेत बसलेला असेल, तर तिथं लॉक करणं फायद्याचं ठरू शकतं. पाती उभी, वरखाली, आणली की ती कीलच्या मागे लपतात आणि पाण्याची धार त्यांना फारशी लागत नाही. पण पाती उभी आहेत हे आतून कसं कळणार? बोट वर काढलेली असताना एकाने खाली उभं राहून पाती उभी करायची आणि दुसऱ्याने आत शाफ्टवर, वरच्या बाजूला, पांढऱ्या टेपची पट्टी लावायची. कपलिंगच्या (शाफ्ट आणि गिअरबॉक्सच्या सांध्याच्या) बाजूला पण एक खूण करा, टेप ग्रीसने निघून जाते. पुढे शिडांवर असताना फळी उचलून टॉर्च मारला की खूण वर आहे का ते दिसतं. शाफ्ट तिथपर्यंत आणायचा तर बोट मंद असताना, इंजिन बंद असताना. फिरत्या शाफ्टला हाताने, पायाने किंवा पान्याने थांबवायचा प्रयत्न कोणीही करू नये, बाही किंवा केस गुंडाळले गेले तर सोडवायला वेळ मिळत नाही.

फोल्डिंग

फोल्डिंग प्रोप थांबल्याशिवाय मिटत नाही, हे बऱ्याच जणांना माहिती नसतं. न्यूट्रलला टाकून इंजिन बंद केलं आणि शाफ्ट फिरतच राहिला तर पाती बाहेर फेकली जातात आणि उघडीच राहतात, मग एवढे पैसे घालून फोल्डिंग घेतलाय तो पाण्यात उघडा छत्रीसारखा ओढत चाललात. म्हणून स्पीड दोन-तीन नॉटवर आणा, फॉरवर्डला असतानाच इंजिन बंद करा, शाफ्ट थांबला की पाण्याची धार पाती मिटवते. नाहीच थांबला तर कंपनीने परवानगी दिली असेल तर क्षणभर रिव्हर्स. मग न्यूट्रलला आणून बघा, शाफ्ट स्थिर राहिला म्हणजे पाती मिटलीत आणि गिअरवर आता कसलाही जोर नाही. काही बनवणारे रिव्हर्सलाच ठेवा म्हणतात, तिथं गिअरबॉक्सवाल्याचं मत आणि प्रोपवाल्याचं मत जुळतंय का बघा, जुळत नसेल तर गिअरबॉक्सवाल्याचं ऐका.

जुन्या साध्या दोन पात्यांच्या फोल्डिंगमधे, ज्याची पाती दातांनी एकमेकांना जोडलेली नसतात, खालचं पातं मंद वाऱ्यात स्वतःच्या वजनाने लोंबतं. त्यालाही वरच्यासारखीच शाफ्टवर खूण करा, पण बिजागरीची पिन उभी येईल अशी. म्हणजे पाती आडवी शेजारीशेजारी मिटतात, एक खाली लोंबत नाही.

फेदरिंग

इथं क्रम चुकला तर प्रोप फेदर होत नाही. मॅक्स-प्रॉपसारख्या प्रोपला फॉरवर्डमधे दोन-तीन नॉटने चाला, गिअर फॉरवर्डलाच ठेवून इंजिन बंद करा. आधी न्यूट्रल आणि मग बंद असं केलं तर पाती फिरत्या स्थितीतच राहू शकतात, आणि रिव्हर्समधे बंद केलं तर रिव्हर्सच्या पिचला राहतात. इंजिन थांबल्यावर शाफ्ट अजून फिरत असेल तर रिव्हर्सला टाकून थांबवा. मग परत न्यूट्रलला आणून शाफ्टकडे बघा. स्थिर असेल तर झालं. फिरत असेल तर फेदर झाला नाही, इंजिन चालू करा, परत सगळं पहिल्यापासून. एकदा नीट फेदर झाला की न्यूट्रललाही तो फिरत नाही, म्हणून गिअर न्यूट्रलला ठेवा म्हणणाऱ्या कंपन्यांशी याचं भांडण उरत नाही. फेदरिंगवर पैसे खर्च करावेत का असं कोणी विचारलं तर त्यांना मी रिव्हर्सचा जोर पहिला सांगतो, स्पीड नंतर.

शाफ्ट ब्रेक लावताना

साधा दांडा-पिनवाला लॉक असतो, डिस्कवर पकडणारा कॅलिपर असतो, आणि हायड्रॉलिक गिअरच्या ऑइल प्रेशरवर आपोआप सुटणारेही असतात. शेवटचा सगळ्यात बरा, कारण बाकीच्या सगळ्यांचा धोका एकच: ब्रेक लागलेला विसरून कोणीतरी इंजिन चालू करून गिअर टाकतो. पिन तुटते, कपलिंगचे बोल्ट जातात, कधी क्लचसुद्धा जळतो. ब्रेक लावला की चावी काढून ब्रेकच्या दांड्यावरच अडकवा. इंजिनला चावी नसून नुसतं बटण असेल तर लिव्हरला लाल रिबीन बांधा. आणि ब्रेक लावायचा तो बोट मंद करून, सात नॉटला फिरणाऱ्या शाफ्टवर पिन टाकायला जाऊ नका, शिडं ढिली सोडा, बोटीचं नाक वाऱ्याकडे करा, स्पीड पडला की लावा.

शाफ्ट, ग्लँड आणि पाणी

मोटरवर जाताना प्रोप शाफ्टला पुढे, गिअरबॉक्सकडे ढकलतो. शिडांवर जाताना तोच प्रोप शाफ्टला मागे, बाहेर ओढत असतो, आणि कपलिंगच्या बोल्टवर सगळी ओढ येते. बोल्ट ढिला झाला तर शाफ्ट मागे सरकून सुकाणूला धडकतो, आणि सुकाणू आड आलं नाही तर पूर्ण बाहेर जातो आणि बोटीला शाफ्टएवढं भोक पडतं. याला स्वस्तातला उपाय म्हणजे ग्लँडच्या आतल्या बाजूला शाफ्टवर एक कॉलर किंवा जिंक ॲनोड (गंज स्वतःवर घेणारा जस्ताचा तुकडा) घट्ट बसवून ठेवा, ग्लँडपासून थोडं अंतर सोडून, म्हणजे शाफ्ट निसटलाच तरी तिथं अडकेल. माझ्या मते प्रत्येक शाफ्टवाल्या बोटीत हे हवंच.

पॅकिंगवाला ग्लँड असेल तर प्रोप फिरताना थेंब थेंब पाणी यायलाच हवं, अजिबात येत नसेल तर शाफ्ट कोरडा घासतोय. शिडांवर तास-दीड तास गेल्यावर ग्लँडला हाताचा मागचा भाग लावून बघा, कोमट चालेल, चटका बसता कामा नये. लिप सीलवाले (शाफ्टला रबरी ओठ चिकटून पाणी अडवणारे) ग्लँड असतात त्यांना बोट पाण्यात उतरवल्यावर रबर दाबून आतली हवा काढावी लागते, ते राहिलं आणि सगळा दिवस प्रोप फिरत राहिला तर सील जळतं.

परत इंजिन चालू करताना

सगळ्यात आधी पाण्यात कुठली दोरी लोंबत नाही ना ते बघा, दोन्ही बाजूंनी आणि मागे, मग ब्रेक सोडला का, मग लिव्हर न्यूट्रलला आहे का. मेकॅनिकल गिअर रिव्हर्सला ठेवला होता आणि आता न्यूट्रलला येत नाही असं कधी कधी होतं, प्रोपच्या ओढीने क्लच घट्ट बसलेला असतो. जोर लावू नका, केबल तुटते. शिडं सोडून स्पीड पाडा, ओढ गेली की लिव्हर हलका होतो. नाहीच झाला तर गिअरमधेच इंजिन चालू करावं लागतं, मग आजूबाजूला मोकळं पाणी असू द्या आणि थ्रॉटल अगदी कमी.

इंजिन चालू झालं की एक्झॉस्टमधून पाणी पडतंय का बघा, ते पडल्याशिवाय गिअर नको. मग आयडलवर फॉरवर्ड टाका आणि एक-दोन सेकंद थांबा, फोल्डिंग प्रोपला पाती उघडायला तेवढा वेळ लागतो, आणि फाटकन रेव्ह दिलात तर उघडताना दणका बसतो. फोल्डिंगला धक्क्याला लागायच्या आधी मोकळ्या पाण्यात एकदा रिव्हर्स टाकून बघा, काही फोल्डिंगची पाती रिव्हर्सला उघडायला जास्त रेव्ह मागतात आणि ते भिंतीपासून चार फुटांवर कळून उपयोग नाही.

दोरी अडकली तर

शिडांवर चालताना प्रोप फिरत असेल तर मच्छिमारी जाळ्याची दोरी तो स्वतःच गुंडाळून घेतो, बंद असेल तर नुसती अडकते आणि सुटायची शक्यता जास्त. जाळी-दोऱ्या दिसत असलेल्या भागातून जाताना, गिअरबॉक्सला चालत असेल तर, मी प्रोप थांबवून जायला सांगेन, स्पीड गेला तरी. आवाज अचानक बंद झाला, बोट जड झाली, सुकाणू कडक लागलं, की इंजिन चालू करायला हात जाऊ देऊ नका. आधी शिडं उतरवा, वर दिसणारं टोक बोटहूकने ओढून बघा, लिव्हर न्यूट्रलला ठेवून आतून शाफ्ट हाताने उलटा फिरवून बघा, बरेचदा दोन वेढे तेवढ्यानेच सुटतात. पाण्यात उतरावंच लागलं तर चावी उतरणाऱ्याच्या गळ्यात, त्याला दोरी बांधलेली, आणि लाटा असतील तर उतरूच नका, बोटीचा मागचा भाग डोक्यावर आपटतो. शाफ्टवरचे रोप कटर चांगले असतात, पण ते इंजिनाच्या जोरावर कापतात, शिडांवर मंद फिरणाऱ्या शाफ्टवर त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

बोट पुढच्या वेळी वर काढाल तेव्हा प्रोप हाताने वरखाली हलवून बघा. शाफ्ट कटलेस बेअरिंगमधे (प्रोपजवळ शाफ्टला आधार देणाऱ्या रबरी बेअरिंगमधे) खडखड हलत असेल तर ते झिजलंय, बदला. फेदरिंगला नवीन ग्रीस, ॲनोड नवीन, आणि गिअर ऑइलच्या कांडीवर दुधाळ रंग दिसला तर आत पाणी शिरलंय, सेलड्राइव्हला बहुतेक वेळा प्रोप शाफ्टच्या सीलमधून. सील बदलायला बोट वर असतानाच वेळ असतो.